नाकसाहेबांचा अभिप्राय

लाकडाच्या वखारीतल्या जुन्या कारकुनाला सगळे नाकसाहेब म्हणत, आणि त्यात थट्टा किती नि मान किती, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. डोळे मिटून फळी हुंगायची आणि ओक की अक्रोड ते सांगायचं, यात त्यांचा हात, म्हणजे नाक, कोणी धरू शकत नसे. म्हणून मालकांनी संध्याकाळी घरी व्हिस्की चाखायला बोलावलं, तेव्हा नाकसाहेब मनातल्या मनात मॅनेजरच्या रिकाम्या खुर्चीवर बसूनही आले. त्या खुर्चीकडे डोळे लावून त्यांचे केस पिकले होते.

"दारू मुरते लाकडाच्या पिंपात," त्यांनी शर्टाला इस्त्री करणाऱ्या बायकोला ऐकवलं. "म्हणजे आमच्याच खात्यातली. बघच तू, खुर्ची घेऊनच येतो!"

स्वतः ते वर्षाकाठी एखादा पेला घेणारे. पण दिवसभर मोबाइलवर जाणकारांची बडबड ऐकून शब्द तोंडपाठ झाले होते.

मालकांनी बाटली पुढे केली. अमेरिकेहून परवाच आलेल्या भाचीने आणलेली सिंगल माल्ट, जेमतेम दोन वर्षांची. नाकसाहेबांनी पेला फिरवला, हुंगला आणि ऐटीत मोठा घोट घेतला. घशात निखारा गेला. डोळ्यांतून पाणी, कानांत भुंगा. मालक हळू आवाजात वखारीविषयी काहीतरी सांगत होते, त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही. कळलं ते शेवटचं.

"अमेरिकेहून आलीय, वय कमी आहे. तिच्याबद्दल तुमचं मत काय? भीडभाड नको."

"कच्ची आहे, मालक," नाकसाहेब खोकत म्हणाले. "रंगावर जाऊ नका. आधी नाकाला झोंबते, मग घसा जाळते, आणि मागे काही म्हणजे काही उरत नाही."

मालकांचा चेहरा उतरला. नाकसाहेबांना वाटलं, आपल्या ज्ञानाने दिपले. त्यांना आणखी चेव चढला. थोडं पाणी ओतलं तर ताळ्यावर येईल, नाहीतर चार-पाच वर्षं अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवा आणि तोवर पाहुण्यांपुढे काढू नका, असा सल्लाही त्यांनी फुकटात दिला.

आता मराठीत व्हिस्कीही 'ती' आणि भाचीही 'ती', याला कोण काय करणार? भाची दारातच उभी होती, हातात बर्फाचं भांडं घेऊन.

"अहो, उद्यापासून वखार ही बघणार आहे," मालक म्हणाले. "मी हिच्याबद्दल विचारत होतो."

नाकसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. हात जोडून ते गयावया करू लागले. "ताई, गैरसमज नको. तुम्हाला कशाला बोलेन मी? मी या भिकार दारूला नावं ठेवत होतो!"

भाचीने भांडं टेबलावर ठेवलं. "ती मीच केलीय," ती म्हणाली. "तिथल्या भट्टीत. माझी पहिलीच."



नाकसाहेब घरी आले ते खुर्चीऐवजी बाटली घेऊन. भाचीनेच ती झाकण लावून हातात दिली होती, आणि उद्या वेळेवर या, असं बजावलं होतं. सगळी हकीकत ऐकून बायको कपाळाला हात लावून बसली. मग तिने बाटली उघडली, झाकणभर ओतून घेतली, चवीने प्यायली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"अहो, चांगली आहे की!"