दादाची शिल्लक

सरकारी फॉर्मच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या नात्यात तरी नाही. एकतीस वर्षं मी एका कचेरीत फॉर्म तपासायचं काम केलं. म्हणजे लोकांनी भरून आणलेले फॉर्म परत पाठवायचं काम. एका गृहस्थांना तर "रकाना नऊ रिकामा आहे" म्हणून मी चार वेळा माघारी धाडलं होतं. नवव्या रकान्यात "येथे काही लिहू नये" असं छापलेलं आहे, हे त्यांच्या पाचव्या खेपेला माझ्या लक्षात आलं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की, दादाच्या घरी ते सरकारी पत्र आलं तेव्हा मी म्हणालो, "माझ्यावर सोडा आणि निवांत राहा."

दादा माझा थोरला भाऊ. पेशाने घड्याळजी. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि दुकान बंद झालं. तेव्हापासून त्याला दिव्यांग भत्ता मिळतो. भत्त्याच्या कार्डावर आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी फुकट. पैशांचं एक वेळ जाऊ द्या, पण ती फिजिओथेरपी बंद होऊन चालणार नव्हतं. गेल्याच महिन्यात दादाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पहिल्यांदा एकमेकांना टेकलं. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मी त्यांना पाणी द्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि तिथेच रडून घेतलं.

पत्रात लिहिलं होतं की दहा दिवसांनी तपासनीस घरी येतील, आणि बँकेतली शिल्लक पन्नास हजारांच्या वर आढळल्यास भत्ता व सर्व सवलती बंद होतील. मी पासबुक उघडलं. शिल्लक त्रेपन्न हजार चारशे.

"वहिनी, एवढे साठले कसे?"

"भत्त्यातूनच. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत गेले."

"अहो, भत्ता खर्चायला देतात."

"देतात म्हणून काय उधळायचा?"

आमच्या वहिनी झिजलेल्या साबणाचा तुकडा नव्या साबणाला चिकटवतात. अशा बाईला सरकारने दरमहा पैसे दिले तर सरकारलाच एक दिवस तिच्याकडे हात पसरावा लागेल.

मी नियमांची पुस्तिका काढली. पान सतरा: घरातल्या वापराच्या वस्तू शिलकीत धरल्या जात नाहीत. झालं! चार हजारांची चांगली गादी घ्यायची, दादाच्या पाठीलाही आराम, शिल्लक एकोणपन्नास हजार चारशे. खात्यातून चार हजार काढून वहिनींच्या हातात ठेवले, मी त्यांना दुकानात पाठवलं आणि घरी जाऊन ताणून दिली.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आवाजात विजय होता.

"भावोजी, चार हजारांची गादी सव्वीसशेला पाडली. आणि जुनी भंगारवाल्याला सातशेला दिली. उरलेले सगळे बँकेत भरून आले."

म्हणजे शिल्लक साडेएक्कावन्न हजार.

"वहिनी, पैसे खर्च करायचे होते."

"कळतंय मला. पण त्या गादीला चार हजार मोजले असते, तर त्याच गादीवर मला झोप लागली असती का?"

मग मी स्वतः गेलो. दादासाठी उंच पाठीची, हाताला टेकू असलेली खुर्ची घेतली. दोन हजार. घासाघीस नाही. मी तर दुकानदाराला "आणखी महाग नाही का?" असंही विचारलं. तो माझ्याकडे जरा संशयानेच बघायला लागला. खुर्ची घरी पोचवली, पासबुकात साडेएकोणपन्नास हजार झाले आणि मी बायकोला म्हटलं, "याला म्हणतात अनुभव."

चौथ्या दिवशी दादाकडे गेलो तर खुर्ची नाही.

"पाय डुगडुगत होता," वहिनी म्हणाल्या. "परत केली. दुकानदार पैसे द्यायला तयार नव्हता. मी दुकानाच्या दारात त्याच खुर्चीवर बसून राहिले. शेवटी दोन हजार दिले, वर हमालीचे दीडशे."

"आणि ते?"

"बँकेत भरले."

दादा नव्या गादीवर लोळत खो खो हसत होता. "अरे, हिच्याकडून पैसे खर्च करून घ्यायचे म्हणजे माझ्याकडून लगोरी खेळून घ्यायची," म्हणाला.

आता माझ्या डोक्यात खरी चक्रं फिरू लागली. चार डोकी एकत्र आली तर काहीतरी सुचेल, म्हणून मी नातेवाइकांच्या फोनवरच्या गटात एक संदेश टाकला. कचेरीची भाषा माझ्या हाडीमाशी मुरलेली आहे. मी लिहिलं: "दादाच्या खात्याची परिस्थिती गंभीर आहे. भत्ता बंद होण्याची शक्यता. तातडीने उपाय करणे आवश्यक. खाते क्रमांक माहितीसाठी सोबत जोडला आहे."

खाते क्रमांक का जोडला, असं बायकोने नंतर मला बरेचदा विचारलं. सवय! एकतीस वर्षांत मी काहीही न जोडता एक कागद पुढे पाठवला नाही.

गटात कोणीच उत्तर दिलं नाही. आमची माणसं अशीच, बोलायला नको, विचारायला नको. मी दोन दिवस सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पासबुक भरून आणलं आणि बँकेच्या पायरीवरच बसलो. आत्याचे पाच हजार. दोन्ही मावसभावांचे मिळून साडेचार. धाकट्या बहिणीचे तीन. आणि ज्या चुलतभावाशी आम्ही सात वर्षं बोलत नव्हतो, त्याचे चार हजार. एकूण शिल्लक अडुसष्ट हजार एकशे पन्नास.

मला एकाच वेळी गहिवरून आलं आणि घाम फुटला. तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

तपासनीस बाई बरोबर अकराला आल्या. मध्यम वयाच्या, शांत, काखेत फाईल. मी दारातच त्यांना पुस्तिकेतलं पान सतरा म्हणून दाखवायला सुरुवात केली.

"तुम्ही कोण?"

"लाभार्थ्याचा धाकटा भाऊ. इथलं सगळं मीच बघतो."

"इथेच राहता?"

"म्हणजे काय! झोपायला तेवढा घरी जातो."

त्यांनी पेन उघडलं. "म्हणजे कुटुंबात तीन माणसं. तुमचं निवृत्तिवेतन किती? ते घराच्या उत्पन्नात धरावं लागेल."

"छे छे, मी इथे क्वचितच येतो," मी म्हणालो. "या लोकांची आणि माझी तशी फार ओळखही नाही."

वहिनींनी मला ओढून मोरीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, गादीपासून चुलतभावापर्यंत. बाईंनी एकदाही मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

"नातेवाइकांचे पैसे तीस दिवसांत परत करा आणि पावत्या पाठवा," त्या म्हणाल्या. "मग पन्नास हजारांच्या वर उरतात ते साडेसोळाशे हाताच्या व्यायामाच्या साधनांवर खर्च करा. ते चालतं. पत्रावर आमचा फोन नंबर होता. विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. बाईंनी कागद दादापुढे सरकवला. दादाने डावा हात मागे घेतला आणि पेन उजव्या हाताच्या त्या दोन बोटांत धरलं. एकेक अक्षर वाकडंतिकडं, थांबत थांबत उतरलं. सही झाली. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

माझा आनंद पोटात मावेना. मी स्टुलावरून उठून ओरडलो, "पाहिलंत बाई? हात अगदी पहिल्यासारखा झाला!"

बाईंनी चटकन मान वर केली. "पहिल्यासारखा?" त्यांनी विचारलं. "मग भत्ता कशासाठी?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप पुन्हा बसलो. मला खरोखर रडू येत होतं. दोन वर्षांची मेहनत मी एका वाक्यात घालवली होती.

दादा मात्र शांत होता. "बाई," तो म्हणाला, "या सहीला साडेतीन मिनिटं लागली. मी मोजली, सवय आहे. अशा हाताच्या घड्याळजीकडे तुम्ही घड्याळ द्याल का?"

बाईंनी सही झालेला कागद उचलून फाईलमध्ये ठेवला. "देईन," त्या म्हणाल्या. "पण आत्ता नाही. व्यायाम सोडू नका."

पंधरा दिवसांनी अहवालाची प्रत टपालाने आली. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'अभिप्राय'. असे हजारो रकाने मी तपासले, पण त्यात कधी माझीच नोंद होईल असं वाटलं नव्हतं. लिहिलं होतं: "भत्ता व फिजिओथेरपी चालू ठेवावी. पुढील तपासणीच्या वेळी लाभार्थ्याचे धाकटे बंधू घरात नसावेत."

आणि खाली मोठ्या साहेबांची सही, शिक्का, तारीख, सगळं अगदी नियमात: "मंजूर."