खवट बांगड्याचं गिऱ्हाईक

चुरीसाहेब भाव विचारायच्या आधी वास घ्यायचे. बोंबील असो, शेंगदाणे असोत, तेलाचा डबा असो की शेजाऱ्यांकडून आलेला दिवाळीचा चिवडा, आधी नाक. डोळे मिटायचे, मान थोडी वाकडी करायची आणि न्यायाधीशानं निकाल द्यावा तसं म्हणायचे, "हवा लागली." नाहीतर, "अजून लागली नाही." तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हता.

आमची ओळख अशाच एका निकालानं झाली. मी समुद्रकाठच्या मुरबे गावची कोळीण. बोईसरच्या बाजारात माझा सुक्या मासळीचा धंदा. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली ती पुढं पक्क्या जागेपर्यंत आणली, आणि मध्ये कोणी हात दिला नाही, म्हणून कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. त्या दिवशी एमआयडीसीतल्या कारखान्यांना जेवण पुरवणारा एक कंत्राटदार माझ्यापुढं उभा होता. खाऱ्या बांगड्याची सगळी टोपली घेणार होता, आणि पटलं तर दर आठवड्याला.

"मौसी, इतना मत खींचो."

"मी कुठं खींचते? दोरी तुझ्याच हातात हाय."

हसला. हसलेलं गिऱ्हाईक जात नाही. त्याचा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधून एक किडकिडीत हात आला. त्यानं टोपलीतला एक बांगडा उचलला आणि नाकाशी धरला.

"हवा लागली. आतली चरबी खवट झालीय."

कंत्राटदाराचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. तो गेला तो गेलाच. त्याला आता इतकी वर्षं झाली, पण मी ते विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

बाजार उठल्यावर तोच बांगडा कागदात गुंडाळून मी भांडायला निघाले. चुरीसाहेबांची रक्त-लघवी तपासायची लॅब एका दुकानाच्या माडीवर होती. जन्मभर मुंबईच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालेला माणूस बोईसरला एकटाच येऊन राहिला होता. कारखान्यात नोकरीला लागणारी पोरं सर्टिफिकेटसाठी त्यांच्याकडे यायची, त्यावर त्यांचं चालायचं.

मी जिन्यातच सुरुवात केली. माझा आवाज ऐकून खालचा दुकानदार बाहेर आला. चुरीसाहेबांनी मात्र हातातला कागद पाहिला आणि खूश झाले.

"आणलात? बरं झालं. बसा."

त्यांनी बांगड्याचा तुकडा कापला, कुटला, गाळला, त्यात कसलंसं औषध घालून काचेची नळी उकळत्या पाण्यात उभी केली. मी बोलत होते, ते नळीकडे बघत होते. बोलता बोलता मीही बघायला लागले. पाण्यासारखं बिनरंगी होतं ते हळूहळू गुलाबी झालं. लग्नातल्या सरबतासारखं.

"जितकं खवट तितकं गुलाबी," ते म्हणाले.

शेजारी दुसरी एक नळी होती. तिच्यातही गुलाबी रंग, जरा फिका.

"हा कोणाचा बांगडा? कोणत्या बाईकडून घेतला?"

"तो बांगडा नाही. ते माणसाचं रक्त आहे."

माझा राग तिथंच बसला. चाळीस वर्षं मासळीत घालवलेली मी. मेलेली मासळी खवट होते हे मला ठाऊक. पण जिवंत माणूस, जो जेवतो, हसतो, भावासाठी भांडतो, त्याच्या अंगातली चरबीसुद्धा आतल्या आत खवट होत असते, आणि ते असं डोळ्यांनी दिसतं, हे बघून माझ्या हातावर काटा आला.

"ज्या हवेवर जगायचं तीच आपल्याला लागते, बाय," चुरीसाहेब म्हणाले. "लोखंडाला लागते तशी, तेलाला लागते तशी. सुटका कोणालाच नाही. फक्त अंगात राखणदार असतात, म्हणून आपण टिकतो."

मग त्यांनी मला समजावलं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली मोठ्या सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. उतारवयात ती वाढते. कॅन्सर नव्हे, साधीच वाढ, पण लघवीची वाट आवळते. असे म्हातारे गाठायचे, त्यांचं रक्त घ्यायचं, आणि ते इतरांपेक्षा जास्त खवट असतं का ते बघायचं, हा त्यांचा नाद. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पैसे देत नाही.

"रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या होड्या असतात. लोकांना वाटतं कोलेस्टेरॉल म्हणजे विष. तसं नाही. काही होड्यांवर राखणदार बसलेला असतो, तो माल खवट होऊ देत नाही. ह्या म्हाताऱ्यांच्या होड्यांवर राखणदार कमी पडतात की काय, हे मला बघायचंय."

"राखणदाराला पगार कोण देतो?"

मी टोमणा मारला होता. ते खरंच विचारात पडले. "तेच शोधतोय," म्हणाले.

त्या दिवसापासून ते माझं गिऱ्हाईक झाले, आणि असं गिऱ्हाईक दुसऱ्या कोणा मासळीवालीला मिळालं नसेल. त्यांना तपासायला खवटच माल लागायचा. जो पिवळा पडलेला बांगडा मी खाडीत टाकला असता, तो ते मागून घ्यायचे. मी त्याचा भाव चांगल्या बांगड्यापेक्षा चढा लावला.

"हे उलटं नाही का?" त्यांनी एकदा विचारलं.

"खवट करायला दिवस लागतात, सायेब. मेहनत हाय." त्यांनी मान हलवली आणि पैसे दिले. कंत्राटदाराचं नुकसान मी असं थोडं थोडं वसूल केलं.

त्यांच्या खोलीत खोबरेल तेलाच्या बाटल्यांची एक रांग होती, मोठीपासून अगदी अत्तराच्या कुपीएवढीपर्यंत. तेल वापरून कमी झालं की उरलेलं तेवढ्याच मापाच्या छोट्या बाटलीत ओतायचं, काठोकाठ, म्हणजे वर हवा राहत नाही. एका डोक्याला लागणाऱ्या तेलासाठी एवढा संसार. माणसांनाही ते हाच नियम लावायचे. पुढारी बिघडला, हवा लागली. पगार वाढल्यावर शेजारचा पोरगा बापाला उलट बोलला, हवा लागली.

पण त्यांची खरी कमाल मी पाहिली ती लग्नात.

म्हातारे हा त्रास कबूल करत नाहीत. डॉक्टरला सांगत नाहीत, बायकोला तर नाहीच. मग शोधायचे कसे? चुरीसाहेब लग्नांना जायचे. ओळखीच्या, बिनओळखीच्या. नवरा-नवरीकडे बघायचेसुद्धा नाहीत. पंगतीकडे बघत उभे राहायचे. पंगतीत बसलं की सगळ्यांचं होईपर्यंत उठता येत नाही. ज्याला धीर धरवत नाही तो म्हातारा बसायचंच टाळतो. कोणी म्हणतो उपास आहे, कोणी म्हणतो मागाहून बसतो. "बरीचशी नावं मला पंगतीनंच दिली," ते सांगायचे.

माझ्या दिराच्या मुलाच्या लग्नाला ते असेच मुरब्याला आले. आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा, बोटीचा तांडेल, सगळ्या खलाशांचा म्होरक्या. गावात कोणाचंही लग्न असो, पंगतीत पहिलं पान त्याचं. त्या दिवशी तो हातात भाताची परात घेऊन वाढत फिरत होता. लोक म्हणत होते, बघा, एवढा मोठा तांडेल, पण मान नाय मिरवत. मी पदर सावरून ऐकत होते.

चुरीसाहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"तांडेल हल्ली बोटीवर जातात म्हणे. बोट मुलाच्या ताब्यात देऊन घरी बसले होते ना?"

"बसले होते. दिवाळीपास्न परत जातात. पोराला नाय जमत त्यांच्यासारखं." मीही तेच मानत होते. सगळं गाव मानत होतं. ह्या वयात समुद्राला छाती देणारा म्हातारा म्हणून पोरं त्याच्या पाया पडत होती.

ते परात घेऊन फिरणाऱ्या तांडेलाकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "बाय, घरात माणूस रात्री किती वेळा उठतो ते बायकोला कळतं. बोटीवर कडेला किती वेळा जातो, ते कोण बघतं?"

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या नवऱ्याला तुमच्या नळीत घालू नका, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. चुरीसाहेब ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "भर समुद्रात लघवी एकदम तुंबली, तर बोटीवर पोर काय करील?"

परात घेऊन तांडेल मांडवामागं निघाला होता. माझ्यादेखत दुसऱ्यांदा. आणि बोट दुसऱ्या दिवशीच्या भरतीला निघणार होती, चार-पाच दिवसांसाठी.

आता पंचाईत माझी होती. जन्मभर भाव पाडणारी मी, पण नवऱ्याशी हे कोणत्या तोंडानं बोलायचं? मला कळलंय असं त्याला कळलं असतं, तर तो बोटीवरच राहायला गेला असता.

"मी बोलतो," चुरीसाहेब म्हणाले. मला वाटलं, झालं. आता हा माणूस बांगड्यासारखा माझा नवरा चारचौघांत उचलणार आणि निकाल देणार.

दुसऱ्या दिवशी ते पायांत बूट घालून चिखल तुडवत बोटीपाशी आले. खलाशी बर्फ चढवत होते. तांडेल वर उभा.

"तांडेल, तुमचं रक्त पाहिजे."

"माजं? कशाला?"

"आजारी म्हाताऱ्यांचं खूप गोळा केलं. आता ताडून बघायला एक धडधाकट म्हातारा हवा. गावात विचारलं तर सगळे तुमच्याकडेच बोट दाखवतात."

खलाशी हसायला लागले. "जा की तांडेल, तुमचं रगत बघून सायेबाची नळी फुटंल."

तांडेलाची छाती फुगली. "परत आलो का देतो."

"परत आल्यावर नको. खारं वारं खाल्लं की रक्ताला हवा लागते. आजचंच पाहिजे. बोट मुलाला नेऊ द्या."

ती थाप होती. हवेबद्दल हा माणूस कधी शब्द इकडचा तिकडे करत नसे, त्यापायी त्यानं माझं गिऱ्हाईक घालवलं होतं. त्या दिवशी चिखलात उभं राहून, माझ्या नवऱ्याची अब्रू राखायला, त्यानं हवेबद्दलच खोटं सांगितलं. मी बघतच राहिले.

तांडेल बोटीवरून उतरला. संध्याकाळी लॅबमध्ये, दार लावून, चुरीसाहेबांनी त्याला खरं काय ते सांगितलं. लघवी पुरती सुटत नव्हती, तिचा भार मूत्रपिंडांवर आला होता, ते रक्तात उतरलं होतं. दोन दिवसांनी मुंबईच्या इस्पितळात नेला तेव्हा सर्जन म्हणाले, अजून काही दिवस काढले असते तर अवघड होतं. ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली.

"गुलाबी झालं होतं का?" मी चुरीसाहेबांना विचारलं.

"झालं होतं. पण एकावरून मी काही बोलणार नाही. खवटपणा आधी की गाठ आधी, तेही अजून मला कळलेलं नाही." एवढं सगळं कळणारा माणूस हे इतक्या सरळपणे म्हणाला. माझ्या धंद्यात असं बोलणारा उपाशी मरतो.

ते बोईसरहून रोज वॉर्डात यायचे. एकदा दुपारी मी डबा घेऊन आले तेव्हा खाटेभोवती पडदा होता आणि आत दोघं बोलत होते. मी बाहेरच थांबले.

"सायेब, रात्री किती वेळा उठतो, धार कशी तुटते, उभं राहून कसं वाट बघायला लागते, सगळं तुमी मी सांगायच्या आधीच सांगितलं. तुमाला कसं कळलं?"

स्टूल खाटेजवळ सरकल्याचा आवाज आला.

"मलाही तेच आहे, तांडेल."

"कधीपास्न?"

"झाली की बरीच वर्षं."

तांडेल हसला, मग टाके दुखले म्हणून कण्हला. "मंग तुमी घरात कसं लपवलं? मला तर बोटीवर पळायला लागलं."

"लपवायला घरात कोणीतरी लागतं."

पडद्याआड खाट करकरली. तांडेल पाय आखडून जागा करत होता.

"मंग आमच्याकडं या," तो म्हणाला. "आमच्याकडं लपवा."