तिसऱ्या गिअरचा गुन्हेगार

सासऱ्यांची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की करकरायची, आणि त्या करकरीचं कारण अख्ख्या गोतावळ्याला तोंडपाठ होतं. "आमच्या कन्येनं गाडी शिकताना गिअरबॉक्सचं वाटोळं केलं," हे सासरे लग्न ठरवतानासुद्धा सांगून मोकळे झाले होते. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. जावयाला याचं मनापासून वाईट वाटायचं, पण सासऱ्यांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

यंदा ती गाडी आठ दिवसांसाठी मिळाली होती. गिअर ऑइल बदलून परत करावी, करकर थांबली तर बायकोवरचा आळही जाईल, असा त्याने बेत आखला. दुकानात गिअर ऑइलच्या जीएल-चार आणि जीएल-पाच अशा दोन प्रतींचे डबे होते. त्याने महागातलं पाच उचललं. रविवारी सकाळी गाडीखाली शिरून त्याने खालचा बोल्ट उघडला आणि सगळं जुनं तेल टबात सोडलं. मग नवं तेल भरायचा वरचा बोल्ट उघडायला गेला, तर तो जागचा हलेना.

"आता?" बायकोने वाकून विचारलं.

"आता काही नाही. गाडी चालवता येणार नाही, एवढंच."

"अकरा वाजता बाबा गाडी न्यायला येतायत."

सव्वादहा झाले होते. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावणं गेलं.

"भरायचा बोल्ट आधी उघडून बघायचा असतो साहेब," मिस्त्री म्हणाला. "मग खालचा सोडायचा." लांब पान्याला त्याने दोन हिसके दिले आणि बोल्ट सुटला. मग त्याची नजर डब्यावर गेली. "पाच? जुन्या गिअरबॉक्सात पितळेच्या रिंगा असतात. या तेलातलं रसायन त्या रिंगा खातं. हिला चारच लागतं." टबात बोट बुडवून त्याने ते उन्हात धरलं. बोटावर सोनेरी भुकटी चमकत होती. "हे बघा, पितळ. आधीही कुणीतरी शहाण्याने पाचच भरलंय."

एवढ्यात फाटक वाजलं. सासरे अर्धा तास आधीच हजर झाले होते. डबा पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"वा जावईबापू, माझंच तेल आणलंत. मी पहिल्यापासून पाचच भरून घेतो. गॅरेजवाला चारसाठी अडून बसायचा. अहो, चारपेक्षा पाच जास्त, एवढं साधं गणित."

जावयाने मिस्त्रीला डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं. मग त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. ती हातातलं फडकं तसंच धरून त्या सोनेरी बोटाकडे बघत होती.

"बाबा," त्याची जीभ अखेर सुटली, "गाडी हिने नव्हती बिघडवली."

मिस्त्रीने बोट पुढे केलं आणि पितळेचं सगळं प्रकरण पुन्हा एकदा सांगितलं. सासऱ्यांनी ते बोट चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आणि पाण्याचा ग्लास मागितला.

जावई धावत जाऊन चार नंबरचं तेल घेऊन आला. ते भरून झालं, बोल्ट आवळले गेले.

"किल्ली तिच्याकडे द्या," सासरे म्हणाले आणि मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले.

तिने गाडी काढली. पहिला गिअर, दुसरा गिअर. तिसरा टाकताच गाडी करकरली. झिजलेलं पितळ नव्या तेलाने थोडंच परत येतं? शेजारी बसलेल्या जावयाने आरशातून मागे पाहिलं.

"रस्ता फार खराब आहे," सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

रस्ता मागच्याच आठवड्यात नवा झाला होता.