मालकाच्या हातचा नारळ

महाडच्या मोटर-स्टँडवर पोलादपूरची मोटर सुटण्याआधी रोज दोन गोष्टी व्हायच्या. नारळ फुटायचा आणि कागद भरायचा. नारळ ड्रायव्हर मुराद फोडायचा, चाकापुढच्या धोंड्यावर, एका दणक्यात. कागद भरायचा स्टँड-एजंट कुशाबा, आणि तो एकेका अक्षराशी कुस्ती खेळत असल्यामुळे खोबरं वाटून, खाऊन झालं तरी कागद चालूच असायचा.

हा कागद मालक महिपतीशेठ यांनी स्वतः मुंबईहून छापून आणला होता. ब्रेक, हॉर्न, दिवे, टायर, इंजिन, एकेकापुढे 'शाबूत' लिहायचं. शाबूत नसेल तर मोटर जागची हलवायची नाही. तळाला ठळक छापलं होतं : 'एजंटाची सही झाल्याखेरीज मोटर कोणाच्याही, प्रत्यक्ष मालकाच्याही, सांगण्यावरून सुटणार नाही.' त्यातले 'प्रत्यक्ष मालकाच्याही' हे शब्द फौजदारसाहेबांवर छाप पडावी म्हणून शेठनी मुद्दाम घातले होते. छाप जरा जास्तच पडली. रोजचा कागद पोलादपूरच्या चौकीवर दाखवावा, कागद नसेल तर मोटर अडकवून ठेवावी, असा साहेबांनी हुकूमच काढला.

कुशाबाच्या आधी भिकू एजंट होता. शेठच्या मेहुण्याच्या भिडेपोटी त्याने एकदा हॉर्न नसलेली मोटर सोडली, आणि संध्याकाळी भिकू घरी बसला. कुशाबाने हे पक्कं ध्यानात ठेवलं होतं. त्याआधी तो गिरणीत भाताची पोती वाहायचा. आता त्याची बायको ठमाबाई पाणवठ्यावर 'आमचे एजंट' असं म्हणायला लागली होती, आणि ते तिच्या तोंडून ऐकताना कुशाबाला फार बरं वाटायचं. ही नोकरी गेली असती तर पाठीवर पुन्हा पोतंच होतं.

त्या दिवशी मोटरीत स्वतः शेठ होते, शेजारी त्यांच्या पत्नी रंगूबाई. लेकीच्या, तुळसाच्या, लग्नाची सुपारी पोलादपूरला फुटायची होती. दुपारी अमावास्या लागत होती, त्याच्या आत. मुलाचे वडील भागोजीराव म्हणजे मोठं प्रस्थ. भाताचा व्यापार, दासगावच्या धक्क्यावर स्वतःची लाँच. आधीच्या स्थळाकडची माणसं उशिरा आली म्हणून त्यांनी त्यांना पानसुद्धा न देता वाटेला लावलं होतं.

"मुराद, नारळ इकडे दे," शेठ म्हणाले. "आज मी फोडणार."

"फोडा ना शेठ. पन धोंड्यावर फोडा."

"घरचं शुभकार्य आहे. मोटरीला लागला पाहिजे."

शेठनी नारळ मोटरीच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर हाणला. तो पट्टीवरून निसटला, डाव्या दिव्याची काच फोडून वर उडाला आणि बॉनेटच्या कडेवर येऊन मग फुटला. बॉनेट मुरादने पाणी घालायला उघडंच ठेवलं होतं. नारळाचं सगळं पाणी इंजिनाच्या तारांवर गेलं. उतारूंनी रिवाजाप्रमाणे हात जोडले आणि खोबरं वेचलं.

"चला," शेठ घाईघाईने आत चढत म्हणाले. "कुशाबा, सही कर."

कुशाबा कागद घेऊन दिव्यासमोर उभा राहिला. "शेठ, दिवा फुटलाय."

"दिसतंय मला. सकाळच्या उन्हात दिवा काय करायचाय?"

"कागदात ऊन नाय छापलेलं, शेठ. दिवे शाबूत एवडंच हाय."

"मग लिही शाबूत!"

"आनि चौकीवर हवालदारानं बगितलं तर? भिकू घरी बसला, शेठ."

या भिकूला आपणच घरी बसवलं, हे शेठना आठवलं आणि त्यांनी मुरादला शेडकडे पिटाळलं. शेडमध्ये एक जुनी मोटर चाकं काढून ठेवली होती. मुराद तिचा दिवा आणायला गेला. दिवा निघाला, पण नव्या जागी बसेना, कारण तो बसायचा त्याच बोल्टावर हॉर्न होता. म्हणून हॉर्न काढला, दिवा बसवला आणि हॉर्न पुन्हा लावला. एवढ्या वेळात शेठचा धीर सुटला होता. हॉर्न वाजतो का, हे त्यांनी स्वतः दाबून पाहिलं. रागाने दाबलेला तो जुना रबरी फुगा मधोमध फाटला.

कुशाबाने हॉर्नपुढे लिहिलेलं 'शाबूत' खोडलं.

"अहो, तुम्ही कशालाही हात लावू नका बघू!" रंगूबाई आतून म्हणाल्या.

रबरी फुगा आख्ख्या महाडात आणखी एकच होता, तो डॉक्टरांच्या दवाखान्यात, आणि तो पोट साफ करायच्या कामी होता. मुराद गेला आणि कशासाठी हवाय ते सांगून घेऊन आला. हॉर्न वाजला. आवाज भुकेल्या रेडकासारखा होता, पण कागदावर आवाजाच्या जातीला रकाना नव्हता. कुशाबाने 'शाबूत' लिहिलं.

मग मुरादने हँडल मारलं. इंजिन शिंकलं आणि थंड झालं.

"तारा भिजल्यात," मुराद म्हणाला. "कोरडं, पातळ फडकं पायजे. माझी फडकी सगळी तेलाची."

उतारूंनी एकमेकांच्या धोतरांकडे पाहिलं. कोरडं आणि पातळ कापड एकच होतं : शेठच्या खांद्यावरचं, सुपारीसाठी घेतलेलं रेशमी उपरणं. मुरादने तारा पुसून ते अदबीने परत केलं तेव्हा त्याचा रंग ओळखू येत नव्हता. आणि कुशाबा शांतपणे लिहीत होता, 'इंजिन : तूर्त बंद.'

"तूर्त बंद?" शेठ ओरडले. "माझी मोटर, माझा कागद, माझ्या लेकीचं लग्न, आणि तू मला रखडवतोस? जा! नोकरीवरनं काढलं तुला! या क्षणाला!"

कुशाबाने कागद बाकावर ठेवला, वर दौत ठेवली आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. ठमाबाईला आता काय सांगायचं, हेच त्याला कळेना.

तेवढ्यात मुरादने पुन्हा हँडल मारलं आणि मोटर सुरू झाली. उतारू भराभर आत बसले, शेठही बसले. मुरादने बाकावरचा कागद उचलून पाहिला.

"शेठ, सही नाय."

"कर रे सही," शेठ कुशाबाकडे न बघता म्हणाले.

"मी कशी करू?" कुशाबा खरोखरच गोंधळून म्हणाला. "मी एजंट नाय ना आता. खोटी सही व्हयल ती."

"मुराद, तू कर."

"मी डायवर, शेठ. हितं एजंट लिवलंय."

शेठनी स्वतः दौतीकडे हात नेला, पण त्यांचं लक्ष 'प्रत्यक्ष मालकाच्याही'वर गेलं. मोटर घरघरत होती आणि ऊन वर चढत होतं.

"घ्या हो त्यांना परत!" रंगूबाई कडाडल्या. "का अमावास्येला सुपारी फोडताय लेकीची?"

"घेतला," शेठ पुटपुटले.

"मोठ्यांदा सांगा. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे."

"घेतला परत कामावर! आता तरी सही कर रे बाबा!"

कुशाबाने इंजिनापुढे 'शाबूत' लिहिलं आणि सही केली. रेडकाचा आवाज काढत मोटर पोलादपूरच्या रस्त्याला लागली.

ही फेरनेमणूक संध्याकाळपर्यंतचीच आहे, याबद्दल कुशाबाला शंका नव्हती. मोटर परत आली तेव्हा तो टोपी हातात घेऊनच उभा होता. आधी रंगूबाई उतरल्या आणि तडक घराकडे गेल्या. मागून शेठ उतरले. त्यांनी कुशाबाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"शेठ, सुपारी?" कुशाबाने भीत भीत विचारलं.

"उशीर झालाच. भागोजीराव दारातच उभे, तोंड फुगवून. म्हणाले, का उशीर? मी म्हटलं, माझ्याच नोकरानं माझी मोटर अडवली. सगळं सांगितलं, उपरणंसुद्धा दाखवलं."

"मग मोडलं?"

"हसायला लागले. म्हणाले, आमच्या लाँचीवरचा माणूस ओळखीच्या माणसाला नाही म्हणत नाय, जादा माणसं भरून लाँच एकदा बुडता बुडता वाचली. मानपान नको, पोशाख नको, तुमचा तेवढा एजंट आम्हाला द्या."

कुशाबाला दासगावचा धक्का दिसायला लागला. "मग तुमी काय बोललात?"

"मी उठून उभाच राहिलो," शेठ म्हणाले. "म्हटलं, भागोजीराव, पोरगी खुशाल न्या. एजंट नाय मिळायचा."