शेवट आधी सांगणारे किसनमामा

किसनमामा गोष्ट सांगायला बसले की राजा पहिल्याच वाक्यात मरायचा. मग तो लढाईवर जायचा, मग त्याचं लग्न व्हायचं, आणि आम्ही जांभया देत उठेपर्यंत तो गुडघ्याएवढा होऊन आईकडे गूळ मागत असायचा.

"मामा, राजा तं मेला होता नं?"

"मेला तवा मेला. आता त्याले भूक लागली, तं उपाशी ठेवू काय बे?"

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. अमडापुरात मामांचं घर आमच्या घराला लागून. शेवट आधी काऊन, असं विचारलं की म्हणायचे, "शेवट कळला की जिवाले घोर राह्यत नाही. मंग मजेत आयका." माझी आई म्हणायची, "किसनभाऊ पोथी वाचतीन तं परसाद आधी वाटतीन!"

मळ्यात वांगी-मिरची आणि घरात एकुलती लेक सुभी, एवढाच त्यांचा संसार. सुभी जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. गावाला हे ठाऊक होतं, पण मामांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. सुभीची दोन स्थळं 'बिनमायची पोर, वळण कोनं लावलं असंन' म्हणून परत गेली होती.

तिसरं स्थळ डोणगावचं. पाहुणे यायच्या आधी मी बजावलं, "मामा, आज सरळ सांगा हो."

"मी सरळच सांगतो नं बे!"

पोहे झाले. सुभी आत गेली. मुलाचे वडील म्हणाले, "पोरीचं सांगा की पाव्हनं." झालं! मामा खुलले.

"परवा गोऱ्हा सुटला, हिनं एकटीनं धरून आणला. त्याच्या पह्यले हिनं मास्तरची टोपी हिरीत टाकली होती." मी डोळ्यांनी खुणावतोय, मामा कुठले बघतात! "त्याच्या पह्यले चालाले शिकली, तं मिरचीच्या वाफ्यातच पडली." इथं थांबले.

"अन् त्याच्या पह्यले?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मामांनी पोह्यांची ताटली उगाच पुढे सरकवली. गेलं हेही स्थळ!

दाराआडून सुभी म्हणाली, "त्याच्या पह्यले माय होती. बाबा तेवढं नाही सांगत."

मुलाच्या वडिलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "सांगा पाव्हनं. आमाले घाई नाही."

आणि मामांनी सांगितलं. सुभीची माय सरू बाजारात वांग्याच्या भावावरून कशी भांडली, लग्नात नाव घ्यायला विसरली आणि हसतच सुटली, सुभी पोटात असताना चिंचा कशा लपवून खायची. आवाज फाटला तरी थांबले नाहीत. मला रडू आवरेना, मी उगाच ताटल्या गोळा करत बसलो.

सुपारी त्याच दिवशी फुटली. पाहुण्यांच्या गाडीला बैल जुंपले, तसा मामांनी व्याह्यांचा हात धरला.

"पाव्हनं, पोरगी कधी रडली, तं तिच्या मायचं तिले सांगत जा. म्या आजवर नाही सांगितलं. आज जमलं, पन पुन्हा जमते का नाही, काय सांगू?"