तिरुमलरावांचा सक्रिय सहभाग

ऑनलाइन कसं शिकवावं हे शिकवण्यासाठी संस्थेने आपल्या शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण ठेवलं. प्रमाणपत्र मिळवील त्याला जूनपासून दहावीचा वर्ग, बाकीच्यांना ग्रंथालय. एकतीस वर्षं दहावीला इतिहास शिकवणाऱ्या तिरुमलरावांनी म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या घरी मुकाट्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर शिक्षकांचे त्र्याऐंशी चौकोन होते. त्यांचा सोडून ब्याऐंशी काळे.

"मुलांच्या डोळ्यांत पाहून शिकवा," प्रशिक्षिका वर्षिणी मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या.

"कुणाच्या डोळ्यांत? हिला तरी माझे सोडून एक डोळा दिसतोय का?" तिरुमलराव मराठीत बायकोला म्हणाले.

"अय्यो, सुम्मने, गप्प बसा की हो! ऐकतील ना," कृष्णवेणीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"ऐकू दे. कळायला नको?"

चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या या घरात मराठी ही भाषा कमी आणि कुलूप जास्त होती. भाजीवाल्यासमोर, पाहुण्यांसमोर, जावयासमोर, जे ऐकू जायला नको ते मराठीत.

मॅडमनी माइक बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा तिरुमलराव म्हणाले, "एकतीस वर्षांत माझा वर्ग कधी गप्प बसला नाही, आता मीच बसू?" पडद्यावर चौदावा तक्ता दुसऱ्यांदा आला, तेव्हा म्हणाले, "हा झाला की मघाशी! आणि पोरगं झोपलं तर काय करायचं, ते कोण सांगणार?" असं चार तास चाललं.

शेवटी कॉफी घेऊन आलेल्या कृष्णवेणीबाईंनी विचारलं, "हे माइकचं चित्र हिरवं का हो?"

"चालू आहे म्हणून," वर्षिणी मॅडम लॅपटॉपमधून स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "बोला की सर. आम्ही इथलेच, बोगादीचे. आमच्या घरात पण हेच चालतं."

तिरुमलरावांनी लॅपटॉप मिटला. ग्रंथालयातली धूळ त्यांना आतापासूनच नाकात जाणवू लागली.

संध्याकाळी संस्थेचा मेल आला. त्र्याऐंशीपैकी ब्याऐंशी शिक्षक चौकोन काळा करून कुठे गेले होते, ते कळू शकलं नाही. संपूर्ण प्रशिक्षण ऐकल्याचा पुरावा एकाच शिक्षकाने दिला. ध्वनिमुद्रण सोबत जोडलं आहे. या सक्रिय सहभागाबद्दल तिरुमलरावांना प्रमाणपत्र देऊन प्रशिक्षक नेमण्यात येत आहे, आणि म्हणून दहावीच्या वर्गातून सन्मानपूर्वक मुक्त करण्यात येत आहे. पहिलं प्रशिक्षण एच. डी. कोटे इथे. तिथे नेटवर्क नसल्याने ऑनलाइन कसं शिकवावं ते समोरासमोर शिकवावं. खडू सोबत आणावेत.

"आता काय म्हणायचं ते म्हणा की," कृष्णवेणीबाई म्हणाल्या.

तिरुमलरावांनी तोंड उघडलं. मग उठले, लॅपटॉप नेऊन कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप घातलं आणि तरीही खुणेनेच बोलले.