कावळ्याचं बयान

"मी या मुलुखातला एकमेव शास्त्रोक्त तपासनीस आहे. माझ्या नजरेतून कधी गाठोडं सुटलं नाही, तिथे गुन्हेगार काय सुटणार? मी गुन्हा शोधत नाही. मला पाहून गुन्हाच कबूल होतो."

सुरुवात अशी कर, असं आमच्या यजमानांनी सांगितलं. केली. ते एकवीस वर्षं करोडगिरीच्या नाक्यावर कारकून होते. जाणाऱ्या-येणाऱ्यांची गाठोडी सोडून जकातीचा माल शोधायचे. पेन्शनीत गेल्यावर सोडायला गाठोडी उरली नाहीत, म्हणून रहस्यं सोडवू लागले. त्यांचं नाव घेण्याची आमच्यात पद्धत नाही. एका अर्थी बरंच आहे.

मी नांदेडला मुलींच्या शाळेत सायन्स शिकवते. फसली १३५३च्या, म्हणजे १९४४च्या, ज्येष्ठात हदगावहून प्रेमलाबाईंची चिठ्ठी आली. त्यांची विशाखा माझी विद्यार्थिनी. मॅट्रिक पहिल्या वर्गात, हैदराबादच्या कॉलेजात जागा मिळालेली. वडील लहानपणीच गेले. अर्ज आजोबांनी, माधवरावांनी, स्वतः भरला होता. मग आजोबाही गेले.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. दोन तास झाले. कुणी अभिषेक कबूल केला, कुणी म्हातारा बैल विकणार नाही म्हणून शब्द दिला. कावळे बाभळीवर बसून सगळं ऐकत होते. शेवटी थोरले चिरंजीव अण्णाराव पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "दादा, विशाखेला हैदराबादला धाडणार नाही." कावळा खाली उतरला आणि घास घेऊन गेला.

विशाखेची ट्रंक रिकामी झाली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, निघाली नाही तर जागा जाणार होती.

आम्ही बाराव्या दिवशी पोचलो. यजमानांनी ओसरीवर बैठक मारून अण्णारावांचं बयान घेतलं.

"तुम्ही कावळा पाळता?"

"मी वकिलाकडं नकलनवीस आहे."

"हे उत्तर नव्हे. कावळा शिकवलेला होता, हा माझा पहिला कयास."

"कावळ्याला कोण शिकवतंय साहेब? इथं पोरी शिकवायची पंचाईत."

"मग पिंड बदललं गेलं, हा दुसरा." पिंडं स्वतः अण्णारावांनीच वळली होती, हे कळल्यावर तिसरा कयास निघाला: कावळा तोतया होता. यजमानांनी त्यांना अंगणातल्या लिंबाखाली नेलं. वर आठ कावळे होते. "यातला कोणता?"

अण्णारावांनी नीट पाहिलं. "तो, डावीकडचा."

"कशावरून?"

"दादांसारखा बघून राहिलाय."

यजमानांनी हे लिहून घ्यायला सांगितलं. मी घेतलं. डावीकडचा तेवढ्यात उजवीकडे जाऊन बसला.

धोंडाबाई अंगणात भांडी घासत होती. या घरात तिला तीस वर्षं झाली होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्या तवा खालच्या धोंड्यावर धुनं धुवत होते. अण्णा मालक भटजीवर छत्री धरून हुबे. काळी, ही एवढी. तिच्याखाली कावळा मरायला येतो व्हय? जवारीत काळं फडकं लावताव, ते काय सोभेला?"

"मग शेवटी आला कसा?" मी विचारलं.

"हात जोडायचे म्हणून मालकानं छत्री मिटून खाली ठिवली की."

यजमान खाकरले. "हे मी येतानाच ताडलं होतं. धोंडाबाईला वाव दिला."

अण्णाराव मात्र हलले नाहीत. "छत्री ठेवायची बुद्धी कुणी दिली? दादांनीच."

छत्री उघडली तरी दादा, मिटली तरी दादा. जो साक्षीदार खोटा पडूच शकत नाही, त्याची उलटतपासणी कशी करायची? मी म्हटलं, निदान त्याला दोन्ही बाजूंनी बोलू द्या.

दुपारी अंगणात साध्या भाताचे मुटके ठेवले. छत्री उघडी धरून सहा वेळा. कावळा आला नाही. छत्री घरात ठेवून सहा वेळा. सहाही वेळा आला. त्यात एकदा मी एकोणतीसचा पाढा म्हटला. कावळा चौदाच्या ठिकाणी उतरला. माधवरावांची अखेरची इच्छा चारशे सहा होती, असं कुणी म्हटलं नाही. बाराव्या मुटक्याला विशाखा पुढे झाली. "आजोबा, मी सोमवारी जाते." शब्द संपायच्या आत भात गेला.

"ते काही नाही," अण्णाराव म्हणाले. "दहाव्याचं ते खरं."

यजमान उठले. "नकलनवीस, एकाच माणसाची दोन मृत्युपत्रं निघाली, तर अदालत कुठलं धरते?"

अण्णारावांनी सव्वीस वर्षं मृत्युपत्रांच्या नकला केल्या होत्या.

"नंतरचं," ते म्हणाले.

ट्रंक पुन्हा भरली गेली. बारा प्रयोग माझे आणि पोर सुटली ती एका अडाणी मुद्द्यावर. हे मी वहीत लिहिलं नाही.

रात्रीची भाकरी करताना प्रेमलाबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे बाई, मामंजी आलेच नव्हते?"

"कावळ्यावरून सांगता येत नाही."

"पण आले असतील तर?"

"अर्ज त्यांच्याच अक्षरात आहे," मी म्हटलं. "त्यासाठी कावळा कशाला विचारायचा?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती थोडी करपली होती.

सोमवारी सकाळी मोटार वेशीत येऊन उभी राहिली. निरोप घ्यायला आम्ही अंगणात आलो, तर अण्णाराव लिंबाखाली हात जोडून उभे. छत्री घरात ठेवली होती. पुढ्यात साजूक तूप घातलेला भाताचा मुटका.

"दादा, एकदाच अजून सांगा," ते म्हणत होते. "पोरीला थांबवू ना?"

लिंबावर कावळे गच्च होते. एकही हलला नाही. मोटारीचा भोंगा वाजला. अण्णारावांनी मुटका थोडा पुढे सरकवला.

"दादांना नवीन बयान द्यायचं नाही," यजमान गंभीरपणे म्हणाले. "फाईल बंद."

विशाखा काकांच्या पाया पडली. वर पाहतच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

धोंडाबाई ट्रंक डोक्यावर घेऊन त्यांच्या शेजारून गेली. "मालक, काल तेरावं झालं. दीडशे उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर हायत. आता आठ दिस कुनाचंबी मढं बोलायचं न्हाई."